ऑलिव्ह ऑईल घ्यायचंय? आधी बाटली फिरवून मागचं वाचा

ऑलिव्ह ऑईल आता फक्त पुण्या-मुंबईची चीज राहिली नाही. सात रस्ता असू दे नाहीतर जुळे सोलापूर, जरा मोठ्या दुकानात जावा, एक अख्खी फळी भरून बाटल्या लावलेल्या असतात. हिरवी बाटली, पिवळी बाटली, पत्र्याचा डबा, प्लॅस्टिकचा कॅन, आणि सगळ्यांवर ऑलिव्हची डहाळी छापलेली. माणूस तिथं किमती बघत उभा राहतो, डोकं चालेनासं झालं की एकतर सगळ्यात स्वस्त उचलतो नाहीतर सगळ्यात महाग, आणि घरी आणून त्यात भजी तळतो. मग म्हणतो, काय विशेष नाही राव, आपलं गोडेतेलच बरं.

गोडेतेल बरंच आहे, त्यात वादच नाही. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते: ऑलिव्ह ऑईल गोडेतेलाच्या जागी घ्यायचंच नाही. ते घ्यायचं कच्चं, वरून घालायला. लहान बाटली, ताजी बाटली, आणि उघडली की भराभर संपवायची. वरून कच्चं तेल घालणं सोलापूरकराला कुणी शिकवायला नको, शेंगा चटणीत बोटानं खड्डा करून त्यात तेल ओतून कडक भाकरी खाणारी माणसं आपण. फक्त ह्या तेलाला कुठं खड्डा करायचा आणि कुठं नाही एवढंच बघायचंय.

आधी हे तेल निघतं कसं ते थोडक्यात, कारण सगळी फसवाफसवी तिथंच आहे. शेंगदाणा, करडई ह्या बिया, वाळवून पोत्यात भरून ठेवता येतात, सवडीनं घाण्यावर नेल्या तरी चालतं. ऑलिव्ह हे फळ आहे आणि तेल मुख्यतः त्याच्या गरात असतं. झाडावरून उतरवलं की एक-दोन दिवसांत गाळलेलं बरं, नाहीतर ढिगाऱ्यात फळं आंबतात आणि तो वास तेलात उतरतो. स्पेन, इटली, ग्रीस, ट्युनिशिया, तुर्की ह्या भागात साधारण ऑक्टोबर ते जानेवारी काढणी चालते. फळं दळतात, तो लगदा हळूहळू घुसळतात आणि मशीनमध्ये गरागरा फिरवून तेल वेगळं करतात, बस्स, केमिकल नाही की जास्त उष्णता नाही. एक लिटर तेलाला साधारण पाच किलो फळं लागतात, जातीप्रमाणे आणि पिकलेपणाप्रमाणे कमी-जास्त. म्हणजे हे तेल उसाच्या रसाच्या जातीचं समजा, ताजं तोवर मजा.

आता बाटलीवरची नावं.

एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणजे वर सांगितलं तसं नुसतं गाळलेलं, रिफाइन न केलेलं, आणि त्यातलं सगळ्यात वरच्या दर्जाचं. त्याची फ्री अ‍ॅसिडिटी, म्हणजे तेलात सुटी झालेली स्निग्ध आम्लं, 0.8 टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही, आणि शिवाय ट्रेनिंग घेतलेल्या चाखणाऱ्यांना चवीत एकही दोष सापडायला नको. नुसतं व्हर्जिन असलं तर 2 टक्क्यांपर्यंत चालतं, पण ते आपल्याकडं फारसं दिसत नाही. ही अ‍ॅसिडिटी म्हणजे आंबटपणा नव्हे बरं का, जिभेला ती कळत नाही, लॅबमध्येच कळते.

प्युअर, क्लासिक किंवा नुसतं 'ऑलिव्ह ऑईल' लिहिलेलं असलं की समजायचं, रिफाइंड तेलात चवीपुरतं व्हर्जिन मिसळलंय. प्युअर वाचून माणसाला वाटतं हेच अस्सल असणार, आणि असतं नेमकं उलटं. लाईट किंवा एक्स्ट्रा लाईट हे तर त्याहून भारी, डायटवाले लोक हमखास हीच बाटली उचलतात. त्यात लाईट काय असतं तर रंग आणि वास. कॅलरी तेवढ्याच, टेबलस्पूनभर म्हणजे साधारण 14 ग्रॅम तेलात 120 च्या आसपास, आणि एवढ्याच तुमच्या गोडेतेलात पण.

मग येतं पोमेस. पोमेस म्हणजे सरळ मराठीत पेंड. तेल काढून झाल्यावर जो चोथा उरतो त्यातलं राहिलंसाहिलं तेल सॉल्व्हंट, म्हणजे तेल विरघळवणारं केमिकल, वापरून काढायचं, रिफाइन करायचं, थोडं व्हर्जिन टाकून बाटलीत भरायचं. विष नाही ते, कायदेशीर आहे, तळायला लोक वापरतात. पण आपल्याकडं पेंड म्हशीला घालतात हे ज्याला माहितीये त्यानं तिच्यासाठी गोडेतेलाहून जास्त पैसे का मोजायचे, एवढाच माझा प्रश्न. दुकानात मात्र हमखास ऐकायला मिळतं, "वहिनी, हे घ्या की, स्वस्त पण हाय आणि ऑलिव्हच हाय." हाय खरं ऑलिव्हच, पण जे चव आणि औषधी गुण ऐकून आपण गेलेलो असतो ते त्यात जवळपास काहीच उरलेलं नसतं.

अजून एक प्रकार हल्ली वाढलाय, मिक्स तेल. पुढं मोठ्ठ्या अक्षरात ऑलिव्ह, मागं बारीक अक्षरात राईस ब्रान नाहीतर सूर्यफूल 80 टक्के, ऑलिव्ह 20 टक्के. आपल्याकडच्या नियमात मिश्र तेलात प्रत्येक तेल किमान 20 टक्के लागतं आणि प्रमाण लेबलवर छापावं लागतं, त्यामुळं वाचलं की कळतं. वाचायचं कोण हा वेगळा विषय.

दुकानात उभं राहून काय बघायचं

बाटली हातात घेतली की पहिल्यांदा फिरवायची. पुढची बाजू जाहिरातीसाठी असते, खरं सगळं मागं, आणि आयात केलेल्या बाटलीवर तर एक पांढरं स्टिकर वेगळं चिकटवलेलं असतं. त्या स्टिकरवर आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा) लायसन्स नंबर, पॅकिंगची तारीख आणि बेस्ट बिफोर असतं. कधीकधी ते नेमकं मूळ छापील तारखेवर चिकटवलेलं असतं, अशा वेळी मी दुसरी बाटली बघते, तिच्यावर जरा वाकडं लागलेलं असलं तर खालचं दिसतं.

तारखेचं गणित असं की बेस्ट बिफोर साधारण पॅकिंगपासून दीड-दोन वर्षं पुढची असते, आणि पॅकिंग कधी झालं ते महत्त्वाचं, कारण जहाजानं येऊन गोडाऊनमधून आपल्या फळीपर्यंत पोचायलाच बरेच महिने जातात. म्हणून पॅकिंग होऊन वर्षाच्या आत असलेली बाटली शोधायची. काढणीची तारीख किंवा हंगाम छापलेला असला तर सोन्याहून पिवळं, तेल विकणाऱ्याला लपवायचं काही नाही असा त्याचा अर्थ. आणि 'एकावर एक फ्री' दिसलं की आधी तारीख बघा, शंभरातल्या नव्वद वेळा दोन-तीन महिन्यांत एक्स्पायर होणारा माल असतो. पाहुण्यांसाठी मोठं जेवण करायचं असेल तर घ्या बिनधास्त, नाहीतर दुसरी बाटली कपाटात खवट होणार.

बाटली गडद काचेची किंवा पत्र्याचा डबा. उजेडानं हे तेल लवकर खराब होतं, त्यातलं हरितद्रव्यच उजेडात त्याला बिघडवायला मदत करतं. पारदर्शक बाटली, वर ट्यूबलाईट, शेजारी काचेचा दर्शनी भाग आणि बाहेर आपलं एप्रिल-मे मधलं बेचाळीस डिग्रीचं ऊन, अशा ठिकाणची बाटली कितीही भारी कंपनीची असली तरी सोडून द्यायची. फळीवर पुढं ठेवलेली घेण्यापेक्षा मागची, सावलीतली काढून घ्या, दुकानदार जरा बघतो, बघू द्या.

हिरवा रंग म्हणजे चांगलं, हे डोक्यातून काढा. रंग फळाच्या जातीवर आणि पिकलेपणावर ठरतो, पिवळं तेल पण उत्तम असू शकतं. म्हणून तर तेल चाखून पास-नापास करणारे लोक मुद्दाम गडद रंगाचे पेले वापरतात, रंग दिसूच नये म्हणून. तसंच 'फर्स्ट कोल्ड प्रेस' ह्या शब्दांवर जादा पैसे देऊ नका, आता बहुतेक ठिकाणी प्रेस नाहीच, मशीनच आहे, आणि कोल्डला युरोपातला नियम म्हणजे प्रक्रियेत तापमान 27 डिग्रीच्या आत ठेवायचं, एवढंच.

किंमत? चांगलं एक्स्ट्रा व्हर्जिन गोडेतेलाच्या कितीतरी पट महाग पडतं आणि पडणारच. मध्ये तर फारच भडकलं होतं, 2022 आणि 2023 ला स्पेनमध्ये दुष्काळ पडला, जगात सगळ्यात जास्त ऑलिव्ह तेल तिथंच होतं, पीक निम्म्याच्या खाली आलं आणि 2024 च्या सुरुवातीला भाव गगनाला भिडले. दुष्काळानं पीक जाणं म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको. त्या काळात भेसळीच्या बातम्या पण वाढल्या, म्हणून 'एक्स्ट्रा व्हर्जिन' लिहिलंय आणि भाव रिफाइंडच्या जवळ आहे असं दिसलं की सोडा. सुटं तर घेऊच नका, कोणी कितीही ओळखीचा असो.

मेडिकलमध्ये जी छोटी पिवळी बाटली मिळते, बाळाच्या मालिशची, तिच्यावर 'फॉर एक्स्टर्नल यूज' लिहिलेलं असलं तर ती खायची नाही. हे सांगायची वेळ यावी असं वाटत नाही, पण येते.

घरी आणल्यावर आधी चाखा

फ्रिजमध्ये ठेवा, गोठलं तर अस्सल, असं एक खूळ मोबाईलवर फिरत असतं. ते खोटं आहे. रिफाइंड ऑलिव्ह पण गोठतं, काही अस्सल तेलं नीट गोठत नाहीत, आणि मिश्र तेल कधी गोठतं कधी नाही. वात पेटवून बघणं हा पण तसलाच प्रकार. घरात एकच मशीन आहे जे काहीतरी सांगू शकतं, आपलं नाक आणि घसा.

लहान स्टीलची वाटी घ्या, त्यात एक मोठा चमचा तेल. वाटी एका तळहातावर धरायची, दुसरा हात वर झाकायचा आणि मिनिटभर तशीच हलवत ऊब द्यायची. मग हात काढून लगेच वास घ्यायचा. चांगल्या तेलाला हिरवा वास येतो, कापलेलं गवत, कच्चा टोमॅटो, टोमॅटोचं पान चुरगाळल्यावर येतो तो, कधी कच्च्या केळीचा. काहीच वास आला नाही तर ते रिफाइंडच्या जवळचं नाहीतर जुनं. जुन्या शेंगदाण्याचा खवट वास, पुस्तकाच्या कपाटाचा कोंदट वास, व्हिनेगरचा वास, आंबलेल्या फळांचा वास, ह्यातलं काही आलं तर तेल गेलेलं आहे नाहीतर पहिल्यापासूनच बिघडलेलं होतं.

मग घोट घ्यायचा, चहा गरम असल्यावर बशीतून फुर्र करून ओढतात तसंच आवाज करत हवेबरोबर ओढायचं. जिभेवर थोडं कडू लागलं पाहिजे, आणि गिळल्यावर एक-दोन सेकंदांनी घशात मागच्या बाजूला झणका बसला पाहिजे, कधी ठसकाच लागतो. लोक इथंच घाबरतात आणि बाटली परत करायला जातात. उलट तोच तर पुरावा. त्या झणक्यामागं ओलिओकँथल नावाचा घटक आहे, आयबुप्रोफेन ह्या गोळीचा घशाला जसा चटका लागतो तसाच ह्याचा लागतो हे बघून शास्त्रज्ञ त्याच्या मागं लागले आणि 2005 मध्ये त्यावर शोधनिबंध आला. आपल्या माणसाला तिखटाचं काही वाटत नाही, पण हा मिरचीचा तिखटपणा नाही, जिभेवर नाही लागत, घशात लागतो, आणि पटकन जातो. घरात सगळ्यांना अर्धा-अर्धा चमचा द्या, पोरं तोंडं वाकडी करतात ते बघायला मजा येते.

ठेवायचं कुठं

गॅसच्या शेजारी नाही. आपल्याकडं तेलाची बरणी गॅसच्या उजव्या हाताला असायचीच असं ठरलेलं आहे, पण तिथं रोज दोन वेळ भाकरीची धग लागते आणि हे तेल महिन्यात उतरतं. बंद कपाट, खालचा खण, भिंतीला ऊन न लागणारी बाजू. सोलापुरात मार्च ते जून घरातच पस्तीसच्या वर पारा असतो, तेव्हा दाराच्या खणात का होईना फ्रिजमध्ये ठेवलेलं चालतं. गढूळ होईल, तळाला पांढरं कण दिसतील, घाबरायचं नाही, बाहेर काढून अर्धा तास ठेवलं की पूर्ववत होतं आणि गुणाला काही होत नाही. फक्त रोज आत-बाहेर करत बसू नका, लहान स्टीलच्या तेलपात्रात आठवड्याचं काढून ठेवा, आणि आधीचं संपवून, पात्र धुऊन पूर्ण कोरडं करून मगच नवीन भरा, जुन्यावर नवीन ओतलं की नवीन पण लवकर जातं.

उघडलेली बाटली दोन-तीन महिन्यांत संपली पाहिजे. चार माणसांच्या घरात वरून घालण्यापुरतं वापरलं तर अर्धा लिटर पुरतं, म्हणून पाच लिटरचा डबा कितीही स्वस्त पडला तरी नको.

वापरायचं कसं

आता मुद्द्याचं. शेंगा चटणीवर घालू नका. मी काही सनातनी नाही, पण शेंगदाण्याच्या चटणीवर शेंगदाण्याचंच तेल, दोघांचा वास एक असतो, ऑलिव्हचा हिरवा कडवटपणा तिथं भांडतो. जवसाच्या आणि कारळाच्या चटणीवर मात्र छान लागतं, त्या मुळातच जरा कडवट असतात. हिरव्या मिरचीच्या ठेच्यात पण, ठेचून झाल्यावर वरून एक चमचा, लसूण आणि ह्या तेलाचं जमतं ते सगळ्या जगाला माहितीये.

सगळ्यात जास्त शोभतं ते कोशिंबिरीत. कांदा, टोमॅटो, काकडी बारीक चिरा, मूठभर डाळिंबाचे दाणे टाका, आपल्या जिल्ह्यातल्या डाळिंबाला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, ते असताना दुसरीकडं कशाला जायचं. एका बरणीत एक भाग लिंबाचा रस आणि मीठ आधी हलवून घ्या, कारण मीठ तेलात विरघळत नाही, मग तीन भाग तेल टाकून झाकण लावून जोरात हलवा, दुधाळ झालं की कोशिंबिरीवर ओता. वर शेंगदाण्याचा कूट हवा तर घाला, पण वाढायच्या वेळी. फोडणीची गरजच नाही.

गरगट्टा, पातळ पालेभाजी, मुगाची किंवा मटकीची उसळ, ह्या ताटात वाढल्यावर गरम असतानाच वरून चमचाभर. वाफेबरोबर वास वर येतो, तो शिजवताना टाकलं तर हवेत जातो. पिठल्यावर पण बघा एकदा. आमटीच्या नादाला लागू नका, काळा मसाला आणि येसर ह्यांच्यापुढं ह्या तेलाचं काही चालत नाही, पैसे पाण्यात. हरभऱ्याची उसळ उरली तर मिक्सरला फिरवून त्यात लसूण, लिंबू, पांढरे तीळ आणि हे तेल घातलं की भाकरीला लावून खायला एकदम फर्स्टक्लास.

गरम केलं तर विषारी होतं ही पण अफवाच. एक्स्ट्रा व्हर्जिनचा धूर निघायचा बिंदू साधारण 190 ते 210 डिग्री, आणि घरचं तळण 170-180 ला होतं, म्हणजे मध्यम आचेवर भाजी परतली, धपाटं लावलं, अंड्याची पोळी टाकली तर काहीच होत नाही. फोडणीला वापरायचंच असेल तर आच मध्यम ठेवा, तेल धुरापर्यंत तापवू नका, मोहरी तडतडली की लगेच कांदा टाका. पण पुऱ्या, भजी, शेवेसाठी कढईभर ओतणं म्हणजे वास घालवून महागडं साधं तेल वापरणं झालं. माझ्या घरी फोडणी गोडेतेलाची किंवा करडीची, आणि वरून ऑलिव्ह, दोघं आपापल्या जागी खूश. केकला मात्र चालतं, 100 ग्रॅम बटर लिहिलं असेल तिथं 75 मिली तेल, संत्र्याच्या नाहीतर लिंबाच्या केकमध्ये जास्त खुलतं.

एक गोष्ट खरंच जपून करा. तेलात कच्चा लसूण घालून बाटली ओट्यावर ठेवायची फॅशन आहे, दिसते सुंदर, पण तेलाखाली हवा नसते आणि लसणाबरोबर मातीतले जे जंतू येतात त्यांना तेच पाहिजे असतं, बोटुलिझमसारखी गंभीर विषबाधा होऊ शकते. लसणाचं तेल करायचं तर थोडंच करा, फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा.

आणि ते हार्टला चांगलं असतं ते? स्पेनमध्ये 7,447 लोकांवर मोठा अभ्यास झाला, 2013 मध्ये छापून आला, लोकांचे गट पाडण्यात गडबड निघाली म्हणून मागं घेऊन 2018 मध्ये नव्यानं मांडला, निष्कर्ष जवळपास तेच राहिले, एक्स्ट्रा व्हर्जिन किंवा सुकामेवा खाणाऱ्या गटात हृदयविकार, पक्षाघात कमी. पण त्या लोकांना सोबत भाज्या, डाळी, फळं, मासे असा आहार पण सांगितला होता. रोजचं तेल तेवढंच ठेवून वर चार चमचे ऑलिव्ह वाढवलं तर फक्त कॅलरी वाढतात, म्हणून भाजीतलं तेल थोडं कमी करा आणि तेवढंच वरून घाला. बाकी आपलं पारंपरिक करडीचं तेल आणि ऑलिव्ह ह्यांचा स्वभाव वेगळा, करडीत लिनोलिक नावाचं स्निग्ध आम्ल साधारण 70 टक्क्यांच्या वर, ऑलिव्हमध्ये तेवढंच ओलिक नावाचं दुसरं, गोडेतेलात दोन्ही बऱ्यापैकी. त्यामुळं एकानं दुसऱ्याला हाकलायचं काही कारण नाही, आलटून-पालटून असू द्या.

एवढं करूनही तळाशी थोडं राहिलं आणि खवट झालं, तर जीव तुटतो म्हणून भाजीत ढकलू नका. पणतीत जळतं ते व्यवस्थित. देवापुढं खराब तेल नको म्हणतात आमच्या सासूबाई, आणि बरोबरच आहे त्यांचं, पण लाईट गेल्यावर जिन्यात लावायच्या पणतीला चालतं की.